श्रेयनामावलीत 'संगीत' म्हणून न आलेले संगीत

'फॉरबिडन प्लॅनेट' हा मेट्रो-गोल्डविन-मायर कंपनीचा चित्रपट १९५६ साली प्रदर्शित झाला. त्याच्या श्रेयनामावलीत लुई व बीबी बॅरन ह्या पतिपत्नींची नावे आहेत, परंतु त्यांच्या कामाला 'संगीत' म्हटलेले नाही. 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज' अशी एक अवघडलेली शब्दयोजना तेथे केली आहे. बॅरन दांपत्य वादकांच्या संघटनेचे सभासद नव्हते. संघटनेशी तंटा नको म्हणून काढलेली ही पळवाट. परिणामी ऑस्कर पारितोषिकासाठी त्यांचा विचारच झाला नाही. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला आरंभापासून अखेरपर्यंत निव्वळ इलेक्ट्रॉनिक पार्श्वसंगीत लाभण्याची ती पहिलीच वेळ होती! ते खरोखर संगीत आहे काय, ह्याचा निवाडा चित्र डोळ्यांपुढे नसताना, केवळ ध्वनिमुद्रिका ऐकून करावा, असे आम्ही ठरविले.

प्रथम हे ध्वनी निघाले कसे ते पाहू. बॅरन दांपत्याचा विवाह १९४७ सालचा. लग्नात आहेर म्हणून त्यांना टेपरेकॉर्डर मिळाला आणि न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज भागात त्यांनी आपली ध्वनिशाळा थाटली. नॉर्बर्ट वीनर ह्यांचा 'सायबरनेटिक्स' हा १९४८ सालचा ग्रंथ वाचून लुई व्हॉल्व्हची सर्किटे जोडू लागले. सर्किटात वीज सोडावयाची, त्याला जणू डिवचावयाचे आणि ते ओरडेल, कण्हेल, किंचाळेल ते फितीवर टिपून घ्यावयाचे, अशी ही रीत. अनेकदा अतिभाराने सर्किट जळून जाई. जळालेल्या सर्किटाचा आवाज पुन्हा कोणालाही काढता येत नसे, खुद्द लुईंनाही नाही. मग बीबी तासन् तास त्या फिती ऐकत आणि त्यांतून कामाचे तेवढे वेचून काढीत. फिती उलट्या फिरविणे, त्यांची गती कमी करणे, त्या एकावर एक चढविणे हे पुढचे काम. आमच्या मते रचना म्हणतात ती येथेच घडली. पण सर्किटे जोडणाऱ्याचे जेवढे कौतुक झाले तेवढे ह्या निवडणाऱ्या कानाचे झाले नाही.

ध्वनिमुद्रिकेची कथाही विलक्षण आहे. चित्रपटाचे संगीत आधी डेव्हिड रोझ ह्यांच्याकडे होते. ते काम त्यांच्याकडून काढून घेण्यात आले, तरी त्यांच्या शीर्षकसंगीताची लहान तबकडी मात्र निघाली. म्हणजे चित्रपटाच्या नावाने विकली गेलेली ती धून चित्रपटात नव्हतीच. बॅरन ह्यांची तबकडी यावयास १९७६ साल उजाडले, तीही त्यांनी स्वतःच काढली म्हणून. तोवर दोघांचा घटस्फोट झाला होता. एकत्र काम करणे मात्र सुटले नव्हते. पुढे 'ब्लेड रनर' ह्या १९८२ सालच्या चित्रपटाबाबतही असेच घडले. आधी वाद्यवृंदाने वाजविलेली आवृत्ती विक्रीस आली आणि व्हँजेलिस ह्यांचे मूळ संगीत १९९४ साली.

आता श्रवणाविषयी. ह्या तबकडीला ठेका नाही, गुणगुणता येईल अशी धून नाही. तुकडे लहान आहेत. कान स्थिरावतो न स्थिरावतो तोच ते संपतात. यंत्रमानव रॉबीच्या प्रसंगाचे ध्वनी चित्राशिवाय निव्वळ गंमत वाटतात. सलग ऐकताना मधला भाग आम्हांला कंटाळवाणा झाला, हे लपविण्याचे कारण नाही. पण अदृश्य राक्षसाशी झालेल्या झुंजीचा तुकडा ऐकताना अंगावर काटा उभा राहतो. पडद्यावर तो राक्षस बहुतेक वेळ दिसतच नाही. त्याला देह दिला आहे तो आवाजाने, आणि तबकडीवर तो देह शाबूत आहे. येथे सर्किटाची धडपड आणि मॉर्बियसच्या अंतर्मनातील, त्याला स्वतःलाही न उमगलेला द्वेष वेगळे काढता येत नाहीत. एवढे ज्याने साधते त्याला संगीत न म्हणणे हा कोतेपणा होय.

एक लहानशी अडचण मात्र येते. व्हायोलिनची तबकडी जुनी झाली की सुईची खरखर कोणती आणि वादन कोणते ते कळते. येथे ते कळेनासे होते. एका ठिकाणी धुळीचा खडखडाट आम्ही बराच वेळ मन लावून ऐकला!

चित्रपटात एक प्रसंग आहे. केव्हाच नष्ट झालेल्या क्रेल जमातीच्या वादकांनी पाच लाख वर्षांपूर्वी केलेले ध्वनिमुद्रण मॉर्बियस पाहुण्यांना ऐकवितो. वादक नाहीत, त्यांची वाद्ये नाहीत, मुद्रण तेवढे राहिले आहे. उघडपणे 'संगीत' म्हणून पाहुण्यांपुढे ठेवला जातो तो हाच भाग, आणि तोही बॅरन ह्यांच्याच सर्किटांतून आलेला. लुई १९८९ साली गेले, बीबी २००८ साली. सर्किटे तर त्यापूर्वीच जळाली होती. तबकडीवर हा तुकडा 'एन्शंट क्रेल म्यूझिक' ह्या नावाने येतो. आम्ही सुई उचलून तो तेवढाच पुन्हा लावला.