नगरच्या किल्ल्यांतील वैद्याची रोजनिशी

ता. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस पकडलेल्या काँग्रेसच्या बारा पुढाऱ्यांस सरकारनें अहमदनगरच्या किल्ल्यांत आणून ठेविलें. त्या बंदिवासानें वाङ्मयाचें मोठेंच हित केलें. पंडित नेहरूंचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ व मौलाना आझादांचा ‘गुबार-ए-खातिर’ हे ग्रंथ गाजले, डॉ. पट्टाभि सीतारामय्या यांची ‘फेदर्स अँड स्टोन्स’ ही १९४६ सालीं छापलेली रोजनिशी मात्र मागें पडली. निदान नगरच्या वाचकांनीं तरी तिची उपेक्षा करूं नये.

पट्टाभि मूळचे वैद्य. मद्रासेस वैद्यक शिकून त्यांनीं मछलीपट्टणास दवाखाना थाटला, आणि पुढें देशकार्यासाठीं तो सोडला. वैद्यानें राजकारणांत पडावें यांत नवल नाहीं. १७७६ सालीं अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे डॉ. बेंजामिन रश हेही वैद्यच. १७९३ सालीं फिलाडेल्फियांत पीतज्वराची साथ आली, तेव्हां ते शहर न सोडतां रोग्यांजवळ राहिले. परंतु रोग्याचें अतोनात रक्त काढण्याच्या आपल्या उपचारावर त्यांची इतकी श्रद्धा, कीं त्याचा अपाय त्यांस दिसेना. ज्या निश्चयामुळें असा मनुष्य संकटांत डगमगत नाहीं, तोच निश्चय त्याला आपल्या औषधाची शंका येऊं देत नाहीं.

पट्टाभींच्या १९३५ च्या काँग्रेसच्या इतिहासांत हाच दोष आहे. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त संस्थेनेंच तो प्रसिद्ध केला. माहितीचें तें भांडार खरें. पण जेथें रोगी व वैद्य एकाच पक्षाचे, तेथें नाडीपरीक्षा सौम्यच होणार!

रोजनिशीची गोष्ट निराळी. १९३९ च्या अध्यक्षीय निवडणुकींत सुभाषबाबूंना १५८० व पट्टाभींना १३७७ मतें पडली, आणि गांधीजींनीं तो पराभव स्वतःचा मानिला. अध्यक्षपद पट्टाभींस लाभलें तें १९४८ सालीं. म्हणजे ही टिपणें पराभव पदरीं पडलेला व विजय अद्याप दूर असलेला मनुष्य लिहीत होता. सुटका केव्हां होईल हें कोणासच ठाऊक नव्हतें. शेवट ठाऊक असलेला लेखक घटनांस त्या शेवटाकडे वळवितो. रोजच्या रोज लिहिणाऱ्यास ती सोय नसते. रोग्याच्या उशाशीं बसून आजचा ताप आजच टिपून ठेवावा, ही वैद्याची शिस्त येथें राजकारणी पट्टाभींच्या उपयोगीं पडली, असें आम्हांस वाटतें.

ग्रंथांत उणें नाहीं असें नव्हे. पिसें व दगड या नांवाप्रमाणेंच हलकें व भारी येथें शेजारीं शेजारीं पडलें आहे. निवड कडक झाली असती तर पुस्तक अधिक वाचलें गेलें असतें. तथापि ज्यांनीं पट्टाभींचा इतिहास प्रमाण मानिला, त्यांनीं ही रोजनिशी त्याच्या शेजारीं ठेवून वाचावी. स्वातंत्र्यलढ्याची हकीकत केवळ जिंकणाऱ्यांच्या निष्कर्षांतून शिकणाऱ्या पिढीस, लढणाऱ्यांनाही कांहीं काळ अंधारांतच बसावें लागलें होतें, हें कळणें अगत्याचें आहे.