घाटमाथ्याचं करवंद

करवंद खाताना घाई चालत नाही. देठाकडचा पांढरा चीक आधी पुसून टाकायचा, नाहीतर ओठ चिकटतात. मग दातांनी साल फोडायची. सालीचा तुरटपणा पहिल्यांदा जाणवतो, पाठोपाठ आंबट रस येतो आणि गोडी अगदी शेवटी, बियांभोवतीच्या गरात सापडते. चवींचा हा क्रम मला या फळाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. नुसतं गोड फळ पहिल्या घासातच संपतं. करवंद पुढच्या करवंदाकडे हात न्यायला लावतं.

गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटाकडे निघालं की रस्त्याकडेला आणि जांभ्याच्या सड्यांवर करवंदीच्या जाळ्या लागतात. माती जेमतेम, पाऊस मात्र राज्यातल्या सर्वाधिक पावसात गणला जाणारा, आणि उन्हाळ्यात तोच कातळ रखरखीत तापलेला. इथे ही झुडपं टिकतात ती चिवट पानांच्या आणि दुबेळक्या काट्यांच्या बळावर. गुरं जाळीत तोंड घालत नाहीत, म्हणून तिच्या आत दुसऱ्या झाडांची रोपंही सुखरूप वाढतात. कण्हेर आणि देवचाफा या करवंदीच्याच कुळातले. चीक त्या घराण्याचा, फळ मात्र पोरांनी पोटभर खावं असं.

होळीच्या आगेमागे पांढरी, सुवासिक फुलं येतात. मग हिरवी फळं, जी लोणच्याला जातात. चैत्र-वैशाखात ती लाल होत होत काळी पडतात. करवंद फोडण्याआधी पोरं ‘कोंबडा की कोंबडी’ विचारतात: गर लाल निघाला तर कोंबडा, पांढुरका निघाला तर कोंबडी. एकाच जाळीवर दोन्ही मिळतात, त्यामुळे प्रत्येक फळ पैजेचं होतं.

केकवर आणि मसाला पानावर लावतात ती लालभडक ‘चेरी’ पुष्कळदा करवंदच असते: बी काढून, पाकात मुरवून, रंग देऊन केलेलं. मला त्याचं वाईट वाटतं. तुरट गेलं, आंबट गेलं, उरली ती साखर. आणि खाणाऱ्याला आपण काय खातोय याचा पत्ताही नसतो.

मृग लागला की करवंदं किडू लागतात. तोडलेलं पिकलं फळही फार टिकत नाही, लगेच मऊ पडतं. कोल्हापूरपासून गगनबावडा पंचावन्न किलोमीटरच्या आसपास आहे. मे महिन्यात तिथवर जावं, बायका पानांच्या द्रोणात विकायला बसलेल्या असतात त्यांच्याकडून घ्यावं आणि तिथंच उभ्यानं खावं.