गाळलेला मजकूर आणि अहेतुक हास्य

ग्रंथाचा संपादक दोन कामे करीत असतो. काय ठेवावयाचे ते तो ठरवितो आणि काय गाळावयाचे तेही ठरवितो. पहिल्या कामाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. दुसऱ्याची त्या मानाने थोडी. गाळलेला मजकूर म्हणजे चूक, आणि चूक एकदा दूर केली की तिच्याविषयी बोलण्यासारखे काही उरत नाही, असा समज त्यामागे असावा. हा समज कितपत टिकतो हे पाहण्यास एक अगदी अलीकडचे व वरकरणी क्षुल्लक वाटणारे उदाहरण उपयोगी पडते. मात्र त्याचा नीट उलगडा व्हावयाचा तर वाराणसीच्या घाटांवर घडलेल्या मराठी ग्रंथव्यवहाराचे स्मरण करावे लागते.

उदाहरण व्हिडिओ गेमच्या चाहत्यांनी रचलेल्या कोशांचे आहे. या खेळांत पात्रे असतात, त्यांची कुळे असतात, नगरे असतात, युद्धे असतात. आणि त्या साऱ्याची नोंद ठेवणारे भक्तही असतात. कोणीही लिहावे आणि कोणीही दुरुस्त करावे अशा कोशपद्धतीला ‘विकी’ म्हणतात. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली ती रूढ केली. हवाई बेटांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘जलद’ असा आहे. २००१ साली विकिपीडियाने तिला विश्वकोशाचे रूप दिले आणि त्यानंतर एकेका खेळाला वाहिलेले शेकडो विकी निघाले. निन्टेन्डो कंपनीच्या मारिओ या पात्राच्या खेळांवरील ‘सुपर मारिओ विकी’ हा त्यांपैकी एक.

जेथे लिहिण्यास सर्वांना मुभा, तेथे गाळण्याचे काम अखंड चालणार हे ओघानेच आले. पण गाळताना कोशकारांना एक अडचण जाणवली: काही मजकूर गाळणे अपरिहार्य होते, तरी तो इतका हसवणारा होता की टाकवेना. विकिपीडियावर आरंभीच्या काळातच ‘वाईट विनोद आणि इतर गाळलेला निरर्थक मजकूर’ अशा अर्थाच्या नावाचा एक संग्रह सुरू झाला. चाहत्यांच्या विकींनीही ही प्रथा उचलली. सुपर मारिओ विकीवर त्याच नावाचा संग्रह आहे. अशा संग्रहांतील काही मजकूर जाणूनबुजून केलेल्या थट्टेचा असतो. त्याचा विचार येथे कर्तव्य नाही. थट्टा साधली किंवा फसली, एवढेच त्याविषयी म्हणता येते. खरे लक्ष वेधून घेतो तो लेखकाने पूर्ण गांभीर्याने लिहिलेला मजकूर. कोणी एखाद्या काल्पनिक राक्षसाचे चरित्र एखाद्या राष्ट्रपुरुषाच्या चरित्राच्या थाटात सांगतो. कोणी खेळातील दोन क्षुल्लक दृश्यांच्या साम्यावरून एखाद्या पात्राचे गोत्र सिद्ध करू पाहतो. कोणी तटस्थ नोंद लिहिता लिहिता हा शत्रू आपल्याला कधीच हरवता आला नाही अशी कबुली देऊन बसतो. हसू येते ते नेमके या गांभीर्यामुळे.

आपल्या साहित्यशास्त्राला हा प्रकार अपरिचित नाही. भरताने विकृत वेष, विकृत वाणी इत्यादी विभावांतून हास्याची उत्पत्ती सांगितली. अभिनवगुप्ताने त्यापुढे जाऊन अनौचित्य हेच हास्याचे मूळ मानले. कोणताही रस अनुचित स्थळी आला की त्याचा आभास होतो आणि त्या आभासातून हास्य उपजते. ‘झेंडूची फुले’ लिहिणाऱ्या अत्र्यांनी हे अनौचित्य हेतुतः घडवून आणले. विकीवरील चाहत्याला मात्र त्याची जाणीवही नसते. वीर, अद्भुत आणि करुण हे रस त्याच्या मनात खरोखरच उभे राहिलेले असतात. चुकते ते स्थळ. म्हणून त्याच्या मजकुराला ‘अहेतुक हास्य’ म्हणणे योग्य होईल. त्या हास्याखाली भक्ती असते, हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण होय.

ही भक्ती मजकुरात भर कशी घालते हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. कॅपकॉम कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर २’ या १९९१ च्या खेळात र्यू नावाचा योद्धा ‘शोर्युकेन’ नावाचा ठोसा मारतो. या जपानी शब्दाचा अर्थ उसळत्या ड्रॅगनचा ठोसा असा होतो. र्यूच्या एका वाक्यात त्याचा उल्लेख आहे. इंग्रजी अनुवादात मात्र त्या चित्राक्षरांचे चिनी उच्चारण घेतले गेले आणि ठोशाच्या जागी ‘शेंग लाँग’ असे नाव अवतरले. वाचकांनी ते एखाद्या व्यक्तीचे मानले. एप्रिल १९९२ मध्ये एका अमेरिकन मासिकाने थट्टा म्हणून या शेंग लाँगला गाठण्याची रीत छापली आणि असंख्य खेळाडू एका अनुवाददोषाचा शोध घेत बसले. पुढे १९९४ साली त्याच मालिकेत त्या वर्णनाशी पुष्कळ जुळणारे एक गुप्त पात्र आलेही. पाठभ्रष्टतेतून व्यक्ती जन्मते आणि ती कालांतराने मूळ संहितेत स्थान मिळविते, ही घटना पाठचिकित्सकास नवी नाही.

दुसरे उदाहरण ‘सुपर मारिओ ६४’ या १९९६ च्या खेळाचे. त्यातील राजवाड्याच्या अंगणात एका ताऱ्याच्या पुतळ्याखाली पाटी आहे; तिच्यावरील अक्षरे इतकी पुसट आहेत की ती वाचता येत नाहीत. चाहत्यांनी ती वाचली. ‘एल खरा आहे, २४०१’ असा त्यांनी लावलेला अर्थ होता, आणि ‘एल’ म्हणजे मारिओचा भाऊ लुईजी. या खेळात लुईजी नाही. तरीही तो कोठेतरी दडला आहे अशा श्रद्धेने वर्षानुवर्षे शोध चालला. शिलालेखाचे मनाजोगते वाचन करणाऱ्या उत्साही संशोधकाची आठवण यावी, असाच हा प्रकार. पण २०२० साली निन्टेन्डोच्या जुन्या अंतर्गत संचिका बाहेर फुटल्या आणि त्यांत त्या खेळासाठी बनविलेल्या लुईजीच्या आकृतीचे भाग सापडले. पाटीचे वाचन त्यामुळे खरे ठरत नाही. परंतु ज्या तर्काला सर्वजण हसत होते तो अगदी निराधार नव्हता, हे मान्य करावे लागते. गाळलेला मजकूर नाहीसा करू नये याचे पहिले कारण येथे मिळते: हसणाऱ्याचे ज्ञानही अपुरे असू शकते.

आता वाराणसीकडे वळले पाहिजे. खेळांचे कोश आणि धर्मग्रंथ यांची मूल्यदृष्ट्या तुलना येथे अभिप्रेत नाही. साम्य प्रक्रियेत आहे: प्रिय संहिता, तिच्यात भर घालणारे भक्त आणि ती भर काढणारा संपादक. या तिन्ही भूमिका वाराणसीत मराठी माणसांनी वठविल्या आहेत.

एकनाथांनी एकादश स्कंधावरील आपली टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, वाराणसीत मणिकर्णिकेच्या तीरी पूर्ण केली. प्राकृतात भागवत सांगितले म्हणून काशीच्या पंडितांनी प्रथम रोष धरला आणि अखेर तोच ग्रंथ मिरवला, अशी कथा परंपरागत चरित्रे सांगतात. कथेचा ऐतिहासिक भाग किती हा प्रश्न निराळा. तिच्यातील जाणीव खरी आहे: पंडितांच्या सभेत प्राकृत ओवी हीच गाळण्यायोग्य वस्तू ठरू शकत होती. पुढे अकरा वर्षांनी, शके १५०६ मध्ये, त्याच एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले आणि तिच्यात यापुढे स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवील, असे बजावले. उपमा मार्मिक आहे. अस्थानी ठेवलेल्या वस्तूचे हास्यास्पद रूप तिने नेमके टिपले आहे. परंतु या करवंट्या कोणत्या होत्या, त्या कोणी ठेवल्या, हे एकनाथांनी नोंदविले नाही. त्या काळी तशी रीतही नव्हती. परिणाम असा झाला की राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची आपली प्रत प्रसिद्ध केली, तेव्हा एकनाथपूर्व पाठ हा वादाचा आणि शोधाचा विषय होऊन बसला. गाळणे निर्दोष असले तरी गाळल्याची नोंद नसणे हा पुढच्यांवर पडणारा भार असतो.

गोदातीराहूनच आलेल्या दुसऱ्या एका मराठी पंडिताने याच वाराणसीत नेमका उलट मार्ग धरला. कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली. निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या त्यांनी जमविल्या आणि त्यांतून पाठ निवडला. पण त्यांची वृत्ती संग्राहक होती. परंपरेने आणून दिलेले पुष्कळसे त्यांनी ठेवून घेतले आणि म्हणूनच त्यांची संहिता सर्वत्र रूढ झाली. हीच संग्राहक वृत्ती तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’च्या अनेक छापील आवृत्त्यांतही दिसते. १५७४ साली आरंभिलेल्या या सात कांडांच्या ग्रंथाला भक्तांनी लवकुशकांड हे आठवे कांड जोडले. ती भर वेगळी काढणारी विश्वनाथप्रसाद मिश्र यांची काशिराज आवृत्ती १९६२ साली निघाली.

एकनाथांचा वर्जक मार्ग आणि नीलकंठांचा संग्राहक मार्ग यांचा मेळ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने घातला. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली समाप्तीस गेली. तिच्यात प्रक्षिप्त श्लोक संहितेतून काढले आहेत, पण फेकून दिलेले नाहीत. लहान प्रक्षेप तारकाचिन्ह लावून पानाच्या तळाशी दिले आहेत आणि मोठे परिशिष्टात. कोणत्या पोथ्यांत ते आढळतात याची नोंदही सोबत आहे.

या परिशिष्टातील सर्वांत प्रसिद्ध रहिवासी म्हणजे गणेश. व्यासांनी सांगावे आणि गजाननाने लिहावे, ही कथा चिकित्सक संहितेत नाही. लेखणी थांबू देणार नाही असे लेखनिकाने म्हणावे, अर्थ समजल्याखेरीज लिहू नये असे कवीने म्हणावे, आणि अवघड श्लोक घालून कवीने उसंत मिळवावी, हा प्रसंग रचणारा कोणी लेखनिकच असावा असा तर्क सहज होतो. तसे असेल, तर अर्थ न कळता पोथ्यांमागून पोथ्या उतरून काढणाऱ्याने, अर्थ कळल्याविना अक्षरही न लिहिणारा देव आपल्या व्यवसायाला दिला! याहून सुंदर अहेतुक हास्य शोधून सापडणार नाही. ही कथा महाभारताची नाही, हे खरे. पण महाभारताच्या वाचकांची ती निःसंशय आहे. सुखटणकरांनी ती काढली हे योग्य केले आणि जपली हेही योग्य केले.

या कसोटीवर विकींच्या संग्रहांकडे पाहिले तर त्यांचे बळ आणि उणीव दोन्ही दिसतात. विकीत पानाच्या प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते. पान मुळातूनच काढले तर मात्र तो इतिहास व्यवस्थापकांखेरीज इतरांना दिसत नाही. गाळलेल्या मजकुराचा संग्रह ही उणीव काही अंशी भरून काढतो. परंतु विकिपीडियावरील संग्रहाचा बराचसा भाग २००७ साली स्वतःच गाळला गेला. आक्षेप विनोदाच्या दर्जापुरता नव्हता. मजकूर उचलताना मूळ लेखकांचा उल्लेख राहिला नव्हता आणि परवान्याच्या अटीनुसार तो आवश्यक होता. हा आक्षेप कायद्याचा असला तरी त्यात साहित्यविचाराचे तत्त्व दडलेले आहे. सुखटणकरांच्या तारकेखाली पोथीचा पत्ता असतो. या संग्रहात फक्त हसे असे आणि ज्याचे हसे होई तो निनावी असे.

येथे हसण्याच्या प्रतीचा प्रश्न उपस्थित होतो. भरताने हास्याचे सहा प्रकार सांगून ते प्रकृतिभेदाने वाटून दिले आहेत: स्मित व हसित उत्तमांचे, विहसित व उपहसित मध्यमांचे, अपहसित व अतिहसित अधमांचे. चाहत्यांच्या विकीवर लिहिणारा पुष्कळदा अल्पवयीन असतो, आणि इंग्रजी ही त्याची मातृभाषा असतेच असे नाही. त्याच्या मोडक्या वाक्यावर खदखदून हसणारा वाचक नकळत प्राकृताला हसणाऱ्या सभेत जाऊन बसतो. त्याच वाक्यातील भक्ती ओळखून ज्याच्या ओठांवर स्मित येते, तो मात्र पाठचिकित्सेच्या परंपरेतला वाचक होय. दोघेही मजकूर गाळतीलच. फरक गाळण्यात नाही. संहिता शुद्ध राखणे हे संपादकाचे पहिले कर्तव्य आहे आणि त्यात दयामाया उपयोगाची नाही. परंतु जे गाळले त्याला पानाच्या तळाशी, त्याच्या कर्त्याच्या किंवा पोथीच्या पत्त्यासह जागा देणे हे दुसरे कर्तव्य पहिल्याइतकेच बंधनकारक आहे. एकनाथांनी ताटातून काढलेल्या करवंट्या आज पाहावयास मिळाल्या असत्या, तर ज्ञानेश्वरी कोणी, कोठे आणि किती प्रेमाने वाचली, हे काही अधिक कळले असते.