ध्रुवपद ऐकलं, कडवी गेली कुठं?

अमेरिकेचा ब्रूस स्प्रिंगस्टीन स्वतः लिहितो, स्वतः गातो. जून १९८४ मध्ये त्याची 'बॉर्न इन द यू.एस.ए.' ही रॉकची तबकडी आली. लाखोंनी खपली. पण ऐकणाऱ्यांनी तिचं काय केलं बघा. कार्यक्रमांत झेंडे फडकले. जॉर्ज विल या प्रस्थापित स्तंभलेखकाला त्यात देशाचा उल्हास दिसला. आणि सप्टेंबरात, ऐन निवडणुकीत, अध्यक्ष रेगननं गायकाच्याच न्यू जर्सीत त्याचं नाव घेऊन टाळ्या मिळवल्या.

आता शीर्षकगीताची कडवी वाचा. मार खात वाढलेला पोरगा. व्हिएतनामला धाडला जातो. परत येतो तर तेल कारखान्यात काम नाही. ह्यात उल्हास कुठाय?

मग श्रोते काय गाढव होते? मला नाही वाटत. हेच गाणं १९८२ मध्ये त्यानं घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, नुस्त्या गिटारवर म्हटलं होतं. तिथं शब्द बोचतात. तबकडीत ढोल आणि सिंथेसायझर छातीवर बसतात. ध्रुवपदाची घोषणा होते, कडवी चिरडली जातात. दोष निम्मा वाजवण्याचाय.

रेगनला त्यानं त्याच आठवड्यात पिट्सबर्गच्या मंचावरून टोला हाणला, आणि 'जॉनी ९९' हे कारखाना बंद पडून बेकार झालेल्याचं गाणं म्हटलं. छान केलं. पण गाण्याचा अर्थ मंचावरून सांगावा लागला, हेही खरंच.

ढोल नकोच, असं अभिजनांनी म्हणावं. ढोलाशिवाय हे गाणं कारखान्याच्या फाटकाशी पोचलंच नसतं. ढोल हवाच. फक्त कडव्याला तो खाली यायला पाहिजे.