जुडी ॲटकिन्सन यांचे ‘ट्रॉमा ट्रेल्स’ : कारण आणि सबब

आज आपण जे पुस्तक घेतले आहे ते २००२ साली ऑस्ट्रेलियात निघाले. ‘ट्रॉमा ट्रेल्स, रिक्रिएटिंग साँग लाइन्स’. लेखिका जुडी ॲटकिन्सन जिमान आणि बुन्जालुंग वंशाच्या. मध्य क्वीन्सलँडमधल्या ॲबोरिजिनल माणसांबरोबर बसून केलेल्या पीएच.डी.च्या कामातून हे पुस्तक आले. विषय कौटुंबिक हिंसा. या शब्दापाशी जरा थांबू. आपल्या २००५ च्या कायद्याच्या मराठी नावातच ‘कौटुंबिक हिंसाचार’ आहे, त्यामुळे आपल्याला फरक जाणवत नाही. इंग्रजीत ‘डोमेस्टिक’ वेगळे, ‘फॅमिली’ वेगळे, आणि ॲबोरिजिनल लोकांनी दुसरा शब्द धरून ठेवला. पहिल्यात नवरा-बायको आणि चार भिंती येतात. दुसऱ्यात आजी, मामा, मेहुणे, भाचरे, सगळा गोतावळा. मार खाणारे त्यातलेच, मारणारे त्यातलेच आणि मध्ये पडणारेही त्यातलेच.

ॲटकिन्सन हिंसेचा माग मागे मागे नेतात. १८५७ साली हॉर्नेट बँक येथे जिमान लोकांनी फ्रेझर कुटुंबासह अकरा जणांना मारले. त्याचा सूड म्हणून पुढे कित्येक महिने जिमान लोकांची कत्तल चालली. मग १८९७ चा ‘संरक्षण’ कायदा आला. (संरक्षण! नाव बघा.) त्याखाली माणसे उचलून तरूमला, तिथून पुढे वूराबिंडाला नेली. मजुरी सरकारच्या हातात, लग्नाला सरकारची परवानगी, मुले वसतिगृहात. ज्याला आईबापांनी वाढवलेच नाही तो बाप कसा होणार, हा लेखिकेचा प्रश्न आहे, आणि एकेका घराण्याचा नकाशा पिढ्यान्‌पिढ्या काढून त्या तो विचारतात. पुस्तकाचा हा भाग आम्हांला बिनतोड वाटतो.

संशोधनाची पद्धत त्यांनी ‘दादिरी’ म्हणून ठेवली. डेली नदीकाठच्या मिरियम-रोझ उंगनमेर-बाउमन यांनी हा शब्द बाहेरच्या जगाला सांगितला. खोल, शांत ऐकणे असा अर्थ. आपल्यातल्या काहींना लगेच श्रवण-मनन-निदिध्यासन आठवेल. आठवू द्या, पण मध्ये बरोबरीचे चिन्ह घालू नका. वेदान्तात ऐकणारा स्वतःच्या मुक्तीसाठी ऐकतो. ॲटकिन्सन यांच्याकडे ऐकणाऱ्याच्या अंगावर जबाबदारी येते: ऐकलेस ना, आता काय करणार? त्यांनी उभ्या केलेल्या कामाचे नाव ‘वी आलली’, वोप्पाबुरा भाषेत अग्नी आणि पाणी. माणसे वर्तुळात बसतात, बोलतात, रडतात, संतापतात.

आता आमची तक्रार. मराठीत कारण आणि सबब हे दोन शब्द आहेत. बापाला लहानपणी मिशनच्या वसतिगृहात मारले, हे त्याच्या हिंसेचे कारण असेल. ती त्याची सबब नव्हे. लेखिकेला हे माहीत आहे, त्या तसे म्हणतातही. पण साखळी इतकी लांब होते की शेवटच्या कडीवरचा माणूस, ज्याचा हात आज वर गेला आहे, तो धूसर होतो. ही सूट गैरवापराची आहे हे बायकांनी आधीच ओळखले होते. ऑड्री बोल्जर यांच्या १९९१ च्या नॉर्दर्न टेरिटरीवरच्या अहवालात दारूची हिंसा, परंपरेतली हिंसा आणि परंपरेच्या नावाखाली खपवलेली हिंसा असे तीन प्रकार आहेत. तिसऱ्याला तिथे वापरलेला शब्द बराच शिवराळ आहे, आणि नेमका आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. वर्तुळात बसायला महिने लागतात, वर्षे लागतात. आज रात्री काय? पोलिसांना फोन करा, असे आपण सहज म्हणतो. २०१४ साली वेस्टर्न ऑस्ट्रेलियात बावीस वर्षांच्या एका तरुणीच्या घरी पोलीस आले ते जोडीदाराच्या हिंसेच्या संदर्भात. न भरलेल्या दंडापोटी तिलाही कोठडीत टाकले आणि दोन-तीन दिवसांत ती मेली. संसर्गाचे मूळ मारहाणीत मोडलेल्या बरगडीत होते. घरचे तिला मिस ढू एवढेच म्हणू देतात, म्हणून आम्हीही तेवढेच म्हणतो. जिथे देशातल्या कैद्यांपैकी सुमारे एक तृतीयांश ॲबोरिजिनल आहेत आणि मुले उचलून नेल्याची आठवण प्रत्येक घरात आहे, तिथे फोन हातात घेऊन परत ठेवणाऱ्या बाईला भित्री कोण म्हणेल?

या रात्रीचे उत्तर पुस्तकात पुरेसे नाही; ते युएन्डुमूत आहे. ॲलिस स्प्रिंग्सच्या वायव्येला, वाळवंटात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या वार्लपिरी बायकांनी रात्रीची गस्त सुरू केली. वयस्क बायका, हातात दांडकी. भांडणात शिरायच्या, पिऊन पडलेल्याला घरी पोचवायच्या. वर्दी नाही, अटकेचा अधिकार नाही. पण समोरचा दांडगा कोणाचा तरी नातू, कोणाचा तरी भाचा. कोणापुढे मान खाली घालायची हे त्याला पक्के ठाऊक. संस्कृती म्हणजे नुसता आघातावरचा मलम, असे ‘ट्रॉमा ट्रेल्स’ वाचून वाटण्याचा धोका आहे. इथे संस्कृती म्हणजे अधिकार. कोण कोणाला थांबवू शकते, याची व्यवस्था.

२००७ साली केंद्र सरकारने टेरिटरीत हस्तक्षेप केला, वंशभेदविरोधी कायदा बाजूला ठेवून. त्यानंतर गस्ती अनेक वस्त्यांत पोचल्या. गाड्या आल्या, पगार आले, आणि कारभार शायरच्या कार्यालयात गेला. गस्तीवर कोण जाणार, हे आता तिथे ठरू लागले.