नोंदवही छोटी, सांगाडा केवढा?

नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. अशा नोंदी विद्यार्थ्यांनी शाळेतल्या छोट्या सर्व्हरवर ठेवायच्या ठरवल्या, तर कोणते फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, घ्यावे?

२००५ साली खुला झालेला 'जँगो' अमेरिकेतील एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडला. म्हणून त्यात लॉगिन आणि माहिती भरण्याचे पान तयार मिळते. 'फ्लास्क' (२०१०) सुटसुटीत आहे. पण लॉगिनची व्यवस्था आपणच जोडावी लागते आणि नवशिक्याच्या चुका बहुधा तेथेच होतात. त्यामुळे 'हलका म्हणून फ्लास्क' हा सल्ला अपुरा वाटतो. दिवसाकाठी चार नोंदी होणार असतील, तर वेगातला फरक जाणवणारही नाही.

खरी कसोटी वेगळीच आहे. शिक्षकांची बदली झाल्यावर सर्व्हर कोण सांभाळणार? दोन्ही सांगाड्यांच्या नव्या आवृत्त्या वेळेवर बसवल्या नाहीत, तर सुरक्षेतल्या फटी उघड्या राहतात. नोंद करणारा एकच असेल, तर साधी एचटीएमएल पाने पुरेत. अनेक मुले नोंदी करणार असतील, तर जँगो बरा. काहीही निवडले, तरी नोंदींची एक प्रत कागदावर ठेवावी. पुढच्या पुराच्या वेळी जुनी पातळी सापडली पाहिजे.