जीर्ण खड्ग

जीर्ण खड्ग : कथावाङ्मयातील एक कल्पनाबंध. बाह्यतः मोडके, गंजलेले वा टाकाऊ भासणारे शस्त्र प्रत्यक्षात असामान्य सामर्थ्याचे असल्याचे त्यात उघड होते. भारतीय परंपरेतील याच्याशी निकटचा प्रसंग महाभारताच्या विराटपर्वात आढळतो. अज्ञातवासासाठी विराटनगरात शिरण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे श्मशानाजवळील शमीवृक्षावर बांधली आणि कोणी जवळ फिरकू नये म्हणून तेथे एक प्रेतही टांगले. पुढे गोग्रहणाच्या वेळी बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाने राजपुत्र उत्तराला त्या झाडावर चढविले. प्रेतस्पर्शाला भिणाऱ्या उत्तराने गाठोडे सोडताच शस्त्रांची प्रभा सूर्यासारखी फाकली. महाराष्ट्रात दसऱ्याच्या शमीपूजनाशी ही कथा जोडली जाते.

या प्रसंगाचे मर्म चमत्कारात नाही. शस्त्रांप्रमाणेच त्यांचा धारकही झाकलेला आहे. अंतःपुरात बढाई मारणाऱ्या उत्तराला तोवर दोहोंचीही ओळख पटलेली नसते. परीक्षा होते ती पाहणाऱ्याची. शिवाजी महाराजांच्या भवानी तलवारीविषयीच्या आख्यायिकेत असे आवरण नाही. तेथे देवीचा प्रसाद उघडपणे प्रकटतो. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या द लॉर्ड ऑफ द रिंग्ज (१९५४–५५) या कादंबरीत ॲरागॉर्न मोडकी तलवार बाळगतो. ती पुन्हा घडविली जाते, तसा त्याचा राजवंशाचा वारसाही प्रकट होत जातो. याउलट, शस्त्राचे गुपित हेच नायकाचे एकमेव बळ ठरले, की कथेत अद्भुत उरते, पराक्रम उरत नाही. धारकाच्या कर्तृत्वावाचून हा कल्पनाबंध केवळ क्लृप्ती ठरतो.